मालूर, टेकल, बंगारपेट

खोली बघायला गेले तेव्हा अण्णांनी मला दारातच उभं करून प्रश्न विचारले. नाव काय. ते सांगितल्यावर, खरं नाव काय. हेच खरं म्हटल्यावर, मग घरी काय म्हणतात. बेळगाव सोडून इतक्या लांब का आलीस, तिकडे टेलिफोन नाहीत का. रात्रपाळी असते का, आणि नसली तर का नसते. शेवटी "सरी, ठीक, उद्या सांगतो" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेलिफोन एक्स्चेंजच्या फाटकातून आत शिरत होते, तर समोरच्या झाडाखाली हेच गृहस्थ छत्री टेकून उभे. ओळख म्हणून दाखवली नाही. मी आत जाईपर्यंत थांबले, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलले आणि निघून गेले. संध्याकाळी खोली माझी झाली.

साल साठ-एकसष्टचं असेल. अण्णांचं घर चामराजपेटेत, बाजाराच्या आवाजापासून दोन गल्ल्या आत. घराणं मूळचं मराठी, पण बेंगळुरात इतक्या पिढ्या गेलेल्या की त्यांच्या बोलण्यात कानडी कुठे संपतं आणि मराठी कुठे सुरू होतं ते कळत नसे. माझं बोलणं ऐकून ते म्हणत, "तू पुस्तकासारखं बोलतेस." त्यात कौतुक कमी आणि चौकशी जास्त असे.

सगळी नोकरी त्यांनी जकात नाक्यावर केली होती. गावात येणारी प्रत्येक बैलगाडी, प्रत्येक लॉरी थांबवायची आणि तिच्यात सांगितलं त्यापेक्षा वेगळं काय आहे ते शोधायचं. चिंचेच्या पोत्यात सुपारी, कडब्याखाली तुपाचे डबे, नव्या नवरीच्या पेटीत रेशमाचे तागे, असलं त्यांनी आयुष्यभर बाहेर काढलं होतं. निवृत्त झाल्यावर नाका सुटला, पण डोळा सुटला नाही. पोत्यात खुपसून बघायची टोकदार सळई त्यांनी घरी आणून ठेवली होती आणि वाण्याकडून तांदूळ आला की ती पोत्यात चारी बाजूंनी जाई. दूधवाल्याला आधी रिकामं भांडं उपडं करून दाखवावं लागे. पाहुण्याने कोट काढून खुंटीला लावला की अण्णा तो जरा सरळ करायचे आणि सरळ करता करता खिसे चाचपायचे. "वरचं सोड," हे त्यांचं वाक्य, "आत काय?" कुणी लग्नाची पत्रिका आणून दिली तरी हेच.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या ट्रंकेतल्या साड्यांच्या घड्या मी घालते तशा राहिलेल्या नाहीत. मी तडक विचारलं.

"हो, बघितली," अण्णा म्हणाले. जराही ओशाळले नाहीत. "काही नव्हतं. आता तू निर्धास्त राहा."

मी सामान बांधायला घेतलं. अण्णांच्या बायकोने, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, मला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझी पेटी उघडली होती ह्यांनी. मीसुद्धा माहेरी निघाले होते. एकदा बघितलं की परत बघत नाहीत. तुझं झालं आता."

मी राहिले. पण त्या दिवसापासून मीही त्यांच्याकडे संशयानेच बघायला लागले. ज्याला सगळ्यांच्या पेट्या उघडाव्याशा वाटतात त्याच्या स्वतःच्या पेटीत काय असेल, असं मनात येई.

आणि तसं काहीतरी होतंही. रविवारी सकाळी अंघोळ-पूजा झाली की अण्णा पुढच्या खोलीची खिडकी लावून घेत, दाराला आतून कडी घालत आणि मग आतून एका पुरुषाचं इंग्रजी गाणं ऐकू येई. गिटार, मधूनच तोंडाने वाजवायचा बाजा, आणि एक मोकळा, थोडा फाटका आवाज. सोवळं नुकतंच सोडलेला माणूस बंद दाराआड हे काय ऐकतो, याबद्दल गल्लीत निरनिराळी मतं होती. शेजारच्या बाईंच्या मते अण्णा गुपचूप चर्चमध्ये जातात. कोपऱ्यावरच्या शिंप्याला वाटायचं, दंडुमध्ये, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, त्यांचं कुणीतरी आहे. मला तर दोन्ही शक्य वाटत होतं.

खरी हकिगत अक्कांनी सांगितली. काही वर्षांपूर्वी देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. अण्णांनी तिथे एक ग्रामोफोन घेतला, सोबत रेकॉर्डची पेटी फुकट. फुकट म्हटल्यावर अण्णांना शंका आली की सगळ्या तडकलेल्या असणार. म्हणून एकेक लावून त्यांनी पेटीच तपासून काढली. बँड, बायकांची गाणी, नाचाचे सूर. इंग्रजी गाण्याचं त्यांना काही कळत नव्हतं, फक्त तबकडी कुठे अडखळते का एवढंच ते ऐकत होते. अशात एक गाणं लागलं आणि त्या परक्या सुरात अण्णांना ओळखीचे शब्द ऐकू आले. मालूर. टेकल. बंगारपेट.

ही स्टेशनं त्यांच्या नाक्याच्या वाटेवरची. तिकडून येणारा माल त्यांनी जन्मभर तपासला होता. एक इंग्रजी बोलणारा माणूस गिटार वाजवत आपल्या स्टेशनांची नावं का घेतोय, हा प्रश्न त्यांना झोप लागू देईना. आधी त्यांना वाटलं, ही काहीतरी खूण आहे, हेरांची वगैरे. परत परत ऐकलं. इंग्रजी येणाऱ्या नाक्यावरच्या साहेबाला घरी बोलावून अर्थ विचारला. साहेबाने सांगितलं, एक इंजिनावरचा फायरमन आहे, गाडी सुटायची वाट बघतोय, कोरड्या माळावर गुरं उभी आहेत आणि त्याला घरी जायचंय, एवढंच गाणं आहे. अण्णांचा विश्वास बसला नाही. एवढंच असेल तर ते मनाला इतकं का लागतं, असं ते अक्कांना म्हणाले.

त्या गायकाच्या तीन तबकड्या पेटीत होत्या. वर नाव एवढंच: डी. हॅलम. अण्णांनी बाकीच्या विकून टाकल्या आणि ह्या तीन जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवल्या. त्यांना हात लावायची परवानगी अक्कांनासुद्धा नव्हती.

आमच्या एक्स्चेंजमध्ये मर्सी नावाची मुलगी होती, कॅन्टोन्मेंटातली, अँग्लो-इंडियन. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सहज विचारलं, हॅलम नावाचा कुणी गायक आहे का. ती माझ्याकडे बघतच राहिली. डेस हॅलम माहीत नाही? मोठ्या हॉटेलात दर शनिवारी त्याचा बँड असतो, पोरी त्याच्यासाठी वेड्या होतात, रेडिओवर लागतो, त्याच्या नव्या रेकॉर्ड्स खपतात. त्या जुन्या गिटारच्या गाण्यांबद्दल तिला काही माहीत नव्हतं. अशीही गाणी त्याने केली होती का, असं तिनेच मला विचारलं.

मी मोठ्या उत्साहाने हे अण्णांना येऊन सांगितलं.  दोन दिवसांनी ते एकटेच जाऊन डेस हॅलमची नवी रेकॉर्ड घेऊन आले आणि त्या रविवारी पहिल्यांदा मला आत बोलावलं. आधी नवी लावली. मागे ट्रम्पेट, गुळगुळीत आवाज, नाचाची चाल. मग जुनी लावली. संपल्यावर सुई उचलून म्हणाले, "हा तो नव्हे."

"अण्णा, नाव तेच आहे. वयाबरोबर आवाज बदलतो."

"तू दिवसभर आवाज ऐकतेस. तुला कळायला पाहिजे."

मी पुन्हा ऐकलं. मला फरक कळला नाही, आणि मी तसं सांगितलं. जुना आवाज सर्दी झालेला वाटत होता, एवढंच. अण्णा नाराज झाले. मग त्यांनी मला त्या माणसाच्या बाजूने फितूर असल्यासारखं वागवायला सुरुवात केली. मर्सी कोण, तिचे वडील काय करतात, ती हॅलमला ओळखते का, हे विचारून झालं. आपण जुन्या रेकॉर्डची चौकशी करतोय हे हॅलमच्या कानावर गेलं तर नसेल ना, अशीही त्यांना धास्ती होती. कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी चोरलं आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. काय आणि कुणाचं, तेवढंच शोधायचं बाकी होतं.

रेकॉर्डच्या दुकानात ते मला दुभाषी म्हणून घेऊन गेले. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, ती पहिली गाणी कुणी घेतलीच नाहीत, मलाही आठवत नाहीत. कंपनीनेही परत काढली नाहीत. एकदा डेसला विचारलं तर तो म्हणाला, तो पोरखेळ होता, विसरून जा.

बाहेर पडल्यावर अण्णा फूटपाथवर थांबले. "स्वल्प विचार कर," मला म्हणाले. "आपला पहिला माल कुणी विसरा म्हणतो का? चोरीचा असेल तरच म्हणतो."

मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं, आणि तरी दुकानदाराचं ते वाक्य माझ्याही डोक्यातून जात नव्हतं.

मर्सीने पत्ता मिळवून दिला. फ्रेझर टाऊनमध्ये हॅलमचं छोटं बंगलेवजा घर होतं, पुढे व्हरांडा, कुंड्यांतून फर्न. आम्ही रविवारी दुपारी गेलो. अण्णांनी नाक्यावरचा खाकी कोट घातला होता, काखेत धोतरात गुंडाळलेल्या तबकड्या. बसमध्ये त्यांनी त्या मांडीवर धरल्या आणि शेजारचा माणूस उतरेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.

डेस हॅलमने स्वतः दार उघडलं. चाळिशीचा, देखणा, केस चापून बसवलेले. मी येण्याचं कारण सांगितलं, तुमच्या जुन्या गाण्यांचे हे चाहते आहेत म्हटलं. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. तबकड्या बघून मात्र त्याचा चेहरा थोडा बदलला. "ह्या कुठे मिळाल्या तुम्हाला? मला वाटलं होतं एकही शिल्लक नसेल." आणि लगेच, "विकणार का?"

अण्णांनी मला मराठीत सांगितलं, "त्याला विचार, हा गाणारा कोण."

मी इंग्रजीत म्हटलं, "ह्यांना वाटतं तुमचा आवाज खूप बदलला आहे."

"मी असं नाही बोललो," अण्णा म्हणाले. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "नीट सांग."

 मी जसंच्या तसं सांगितलं. डेस हॅलम हसला. म्हणाला, मीच, दुसरं कोण, नाव वाचा की.

"गिटार कोण वाजवतो?"

"मीच."

"आणि तोंडाचा बाजा?"

"तोही मीच. गळ्यात तारेचा स्टँड अडकवून वाजवता येतो."

अण्णांनी मान डोलावली. खोटं पकडण्याआधी गाडीवानाला पुरतं बोलू द्यायचं, ही त्यांची नाक्यावरची रीत असावी. मग त्यांनी मधली तबकडी काढली आणि म्हणाले, "ह्यात शेवटच्या कडव्याच्या आधी तो कुणाशी तरी बोलतो. हळूच. मग बाजा वाजतो. एकटा माणूस कुणाशी बोलतो ते विचार. आणि काय बोलतो ते मला इतकी वर्षं कळलेलं नाही, तेही विचार."

 मी हे सांगितल्यावर डेस हॅलम म्हणाला, असं काही त्यात नाहीच. अण्णांनी तबकडी त्याच्यापुढे धरली. लावून बघा, इतकाच त्याचा अर्थ. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नसावं. आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून त्याने दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनवर ती लावली, आवाज अगदी बारीक ठेवून.

तो आवाज अण्णांच्या घराबाहेर मी पहिल्यांदाच ऐकत होते. इंजिन, माळ, गुरं. गिटार थोडी थांबली, गाणारा हसला आणि पुटपुटला, आणि बाजा सुरू झाला.

आतलं दार उघडलं. एक म्हातारी बाई, फुलाफुलांचा झगा, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. सुई खरखरायला लागली तरी कुणी ती उचलली नाही.

"डेन्झिल," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून, जणू आम्ही घरचेच, "हा माझा थोरला. आणि तो बाजा वाजवतोय ना, तो हा. 'चल बटन, आता तू' असं म्हणाला तो. ह्याला बटन म्हणायचा. लहानपणी कोटाचं बटन गिळलं होतं ह्याने." आणि मुलाकडे बघून, "तू म्हणाला होतास, एकही राहिली नाही."

डेस हॅलम खाली बसला. त्याने जे सांगितलं ते मी अण्णांना थोडं थोडं करून मराठीत सांगत गेले. थोरला भाऊ डेन्झिल रेल्वेत फायरमन होता. इंजिनावर उभ्या उभ्या गाणी रचायचा. दोघं भाऊ मद्रासला जाऊन ती ध्वनिमुद्रित करून आले. तीन तबकड्या निघाल्या, कुणी घेतल्या नाहीत, आणि पुढच्याच वर्षी डेन्झिल टायफॉइडने गेला. नंतर हॉटेलवाल्यांनी डेसला विचारलं, डी. हॅलम तूच का. त्याला नोकरी हवी होती. तो हो म्हणाला. मग हो म्हटलेलं परत घेता येईना. आईला त्या दिवसांत गाणं ऐकवलं असतं तर ती उन्मळून पडली असती, असं तो म्हणाला, म्हणून तिला सांगितलं की सगळ्या फुटल्या. आईसाठी लपवलं की स्वतःसाठी, हे मी मनात तोलत होते. दोन्ही खरं असावं.

आता अण्णा काय करतात याची मला भीती होती. त्यांचा संशय खरा निघाला होता. त्यांनी सुई उचलली आणि तबकडी परत धोतरात गुंडाळली. म्हातारी काठी टेकत त्यांच्यासमोर आली आणि तबकड्यांकडे हात करून म्हणाली, ह्या मला द्याल का.

मी भाषांतर करायच्या आतच अण्णांनी धोतराची गुंडाळी छातीशी घेतली. "देणार नाही," ते म्हणाले. "इथे राहिल्या की हा पुन्हा फोडेल. ऐकायच्या असतील तर त्यांनी माझ्या घरी यावं. दर रविवारी यावं. सांग."

मला फार लाज वाटली. तरी सांगितलं. म्हातारीने क्षणभर विचार केला आणि पत्ता विचारला.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "तुमचं बरोबर निघालं."

"मला वाटलं होतं तो जिवंत असेल," ते म्हणाले. "कुठेतरी बसला असेल. ह्याने त्याचं नाव घेतलं म्हणून गप्प. त्याला जाऊन सांगायचं होतं, तुझं गाणं मी ओळखलं म्हणून." 

पुढच्या रविवारी आमच्या दारात जटका थांबला आणि मिसेस हॅलम उतरल्या. हॅट, हातमोजे, काठी. सगळी गल्ली दारात आली. दंडुतल्या बाईबद्दलचा शिंप्याचा सिद्धांत असा भर दिवसा, घोड्याच्या गाडीतून, अण्णांच्या बायकोच्या देखत खरा ठरलेला बघून त्यालाही बोलवेना. शेजारच्या बाईंनी अक्कांना आडून विचारलं. अक्का म्हणाल्या, "गाणं ऐकायला येतात. तुम्हीही या." त्या आल्या नाहीत, पण लक्ष ठेवून राहिल्या.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. मिसेस हॅलम वेताच्या खुर्चीत बसत, अण्णा ग्रामोफोनला चावी देत. तबकडीला त्या हात लावणार नाहीत ना याकडे अण्णांचं पहिले काही रविवार बारीक लक्ष होतं. बाईंच्या हातातली पिशवी अण्णांनी सरळ करायच्या निमित्ताने एकदा चाचपलीही. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पिशवी उघडून अण्णांपुढे धरली. आत विणकामाच्या सुया होत्या आणि अक्कांसाठी आणलेला केक. तो केक अंड्याचा आहे का, हा तपास मग बराच वेळ चालला.

अण्णांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, बाईंना मराठी. बाईंचं स्वयंपाकघरातलं तमिळ आणि अक्कांचं बाजारातलं तमिळ यांच्यावर दोघींचं भागत असे. अक्कांचे तिखट कोडबळे, आपल्या कडबोळ्यांसारखे, बाई चहात बुडवून खात. गाणं लागलं की मात्र कुणी बोलत नसे. मधल्या तबकडीतलं ते पुटपुटणं आलं की बाई ओठ हलवून तेच शब्द म्हणत, आणि अण्णा, इतक्या वर्षांनी अर्थ कळलेले, मान हलवत.

एका रविवारी डेस हॅलम आईबरोबर आला. अण्णांनी त्याला दारात थांबवलं आणि हातातल्या डबीत काय आहे विचारलं. त्याने उघडून दाखवली. तोंडाचा बाजा होता. मग आत घेतलं. मधली तबकडी लावली, भावाने हाक मारली आणि डेसने रेकॉर्डमधल्या स्वतःच्याच बाजाबरोबर बाजा वाजवला. रेकॉर्डवरचा पोरगा भरभर वाजवत होता आणि समोरचा माणूस मागे पडत होता. दुसऱ्यांदाही मागे पडला. तिसऱ्यांदा त्याने बाजा खाली ठेवला आणि नुसतं ऐकलं. अण्णा त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण ती नाक्यावरची नजर नव्हती.

"चहा दे त्याला," ते अक्कांना म्हणाले.

नंतर मर्सीकडून कळलं, डेस हॅलमने हॉटेलात एका शनिवारी बँड थांबवला आणि लोकांना सांगितलं, आता गातो ते गाणं माझ्या भावाचं आहे, माझी पहिली गाणी म्हणतात ती सगळी त्याचीच. मग एकट्या गिटारवर मालूर-टेकलचं गाणं गायला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि नाचाचं गाणं मागितलं. पुढेही तो दर शनिवारी एक गाणं भावाचं गात राहिला. मॅनेजरला ते आवडत नव्हतं. कंपनीलाही त्याने कळवलं. त्या तबकड्या परत काढायला तिकडे कुणी तयार झालं नाही. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मर्सी तिथे होती? स्वतः ऐकलं तिने?" मी हो म्हटलं. "मग सरी," ते म्हणाले.

कॅन्टोन्मेंटातली घरं तेव्हा एकेक करून रिकामी होत होती. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. हॅलम मायलेकांचंही ठरलं. शेवटच्या रविवारी मिसेस हॅलम आल्या तेव्हा अण्णांनी तिन्ही तबकड्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. मध्ये जुन्या सुती साड्यांचे थर, वर पुठ्ठा, त्यावर सुतळी. त्यांनी ते पुडकं बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला झाले. अक्का दाराशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

बाई पुडक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोटीवर सामान आपटतात. आणि तिकडे मी किती दिवस आहे कोण जाणे. माझ्यामागे हे कुणाच्या हातात पडेल?" त्यांनी ते उचलून अण्णांकडे परत दिलं. "तुम्ही ठेवा. तुम्ही कुणाला हात लावू देणार नाही, हे मी बघितलंय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं.

कॅन्टोन्मेंट स्टेशनवर मद्रासची गाडी दुपारी सुटायची. तुम्ही येणार का, असं मी अण्णांना विचारलं नव्हतं, पण मी पोचले तेव्हा ते आणि अक्का फलाटावर होते. अण्णा हमालाचा बिल्ला वाचत होते आणि त्याने उचललेली बॅग खरंच हॅलमांचीच आहे का हे दोनदा विचारत होते. डेसने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. अक्कांनी खिडकीतून कोडबळ्यांचा डबा दिला.

मिसेस हॅलम खिडकीशी बसल्या. गार्डने शिट्टी दिली. अण्णा एकदम पुढे झाले, खिडकीची पट्टी धरली आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, मुलगा आमच्या घरी आहे. त्याला काही होणार नाही. दर रविवारी आम्ही त्याचं ऐकू."

मी ते इंग्रजीत सांगत होते आणि गाडी हलली होती. मला वाटतं, बाईंना पूर्ण ऐकू गेलं. त्यांनी हातमोजा काढला आणि पट्टीवरच्या अण्णांच्या हातावर आपला हात ठेवला. अण्णा तसेच फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले.